इटलीबाईचे राखाडी ठिपके

आमच्या रायतळ्याच्या कन्याशाळेत चित्रकला शिकवायला दोन बाई आहेत, असं मुली म्हणायच्या. एक निकमबाई, म्हणजे मी. दुसरी इटलीबाई. मी तासभर बडबड करायची, ती गप्प असायची, आणि शिकवायची मात्र तीच.

इटलीबाई म्हणजे संस्थानच्या वस्तुसंग्रहालयातला संगमरवरी अर्धपुतळा. रायतळ्याचे राजेसाहेब विलायतेला गेले होते, तेव्हा परतताना फ्लॉरेन्सहून तिला घेऊन आले. तिशी-पस्तिशीची बाई, केसांचा सैल अंबाडा, उजव्या कानामागून सुटलेली एक बट, खांद्यावर शाल. मान किंचित वळलेली, जणू मागून कुणी हाक मारली आहे आणि ओ द्यावी की नाही हे तिचं ठरत नाही. ती कोण होती हे कुणालाच माहीत नाही. ती कुणी घडवली हेही नक्की नाही. राजघराण्यात सांगत की लिओनेल्लो तेरसानी नावाच्या शिल्पकाराने. त्या काळी फ्लॉरेन्समध्ये त्याचं मोठं नाव होतं म्हणे. पण पुतळ्यावर कुठेच सही नाही. मुंबईहून आलेल्या एका अधिकाऱ्याने पाटीवर तेरसानीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालायला लावलं. आमच्या संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब रणनवरे, त्या राजेसाहेबांचे नातू. त्यांचे वडील ते प्रश्नचिन्ह दिसू नये म्हणून पाटीसमोर नेमकी एक कुंडी ठेवायचे. अधिकारी आले की कुंडी हलायची, गेले की परत जागेवर.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की मी मुलींना तिथे न्यायची. उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश दिवसभर जवळपास सारखा असायचा. मुली फरशीवर बसायच्या, पॅड मांडीवर. केस जमायचे, शालीच्या चुण्या जमायच्या, मान जमायची. ओठांशी आलं की सगळ्या अडायच्या.

"बाई, हिच्या ओठांची रेघच सापडत नाही."

"रेघ नाहीच तिथे. सावली बघ."

"बाई, ही रुसलीय की हसतेय?"

"तू खोडरबर खाली ठेव. मग ती ठरवेल."

कागदाला भोक पडेपर्यंत खोडायच्या पोरी. त्यांना काय बोलू? माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ते ओठ मलाही कधी जमले नाहीत. दगडातले ओठ, पण कड कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते बोट लावूनही कळायचं नाही.

पुढे शाळेत मुली कमी होत गेल्या आणि शाळा बंद झाली. माळ्यावर दगडी पाट्यांचा ढीग पडून होता, जुन्या काळच्या, लाकडी चौकटीच्या. मी आबासाहेबांना म्हटलं, संग्रहालयातल्या छापील पाट्या पिवळ्या पडल्यात, या पाट्यांवर मी नव्या लिहून देते. पोलादी सुईने अक्षर कोरायचं, वर चुना चोळायचा, पुसून घ्यायचा. काळ्यावर पांढरं, टिकाऊ. एकेक दालन घेत मी वर्षानुवर्षं ते काम केलं. सुरुवात शस्त्रांच्या दालनापासून केली. इटलीबाईची पाटी तेवढी मी मागे ठेवली होती. प्रश्नचिन्ह कोरायला हात धजत नव्हता.

त्याच वर्षांत कधीतरी उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात. मग कुंकू लावताना. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. मी चहा अर्धा कप घ्यायला लागले आणि सुई जरा दाबून धरायला लागले. ऐंशीला टेकलेल्या बाईला एवढं चालायचंच.

हस्तओळख आली नसती तर ते चाललंही असतं.

चेहरे खोटे निघायला लागले, आवाज खोटे निघायला लागले. शेजारच्या कदमवहिनींना त्यांच्याच मुलाच्या आवाजात फोन आला, नि तो मुलगा तर आतल्या खोलीत झोपलेला. अंगठ्याचे ठसे कुणी कुणी रबरात ओतून घेतले. तेव्हा सरकारने हात धरला. म्हणजे हाताची चाल. काचेच्या पाटीवर सही करायची. यंत्र सहीचा आकार बघत नाही, आकाराची नक्कल होते. ते बघतं की हात कुठे दाबतो, कुठे हलका होतो, वळणावर किती रेंगाळतो, लेखणी किती कलते. अक्षराला वळण असतं म्हणतो ना आपण, त्या वळणाचंच माप. त्याची नक्कल माणसालाही जमत नाही आणि यंत्रालाही अजून जमलेली नाही. माझा हात मी अगदी सुरुवातीला, तो स्थिर असतानाच नोंदवला होता; दाखल्याला तो यंदा पहिल्यांदा लागणार होता.

या यंत्राचं मूळ गणित माझ्या मुलीच्या गटाने केलेलं. ऋजुता पुण्यात असते. ते केलं होतं दगडासाठी. ती मला सोप्या भाषेत सांगायची. संगमरवर म्हणजे बारीक स्फटिकांची गच्च भरलेली वीट. छिन्नीचा ठोका बसला की वरचा कपचा उडतो, पण आतल्या स्फटिकांनाही इजा होते.

"माणसाला मुका मार लागतो ना आई, तसं," ती म्हणाली होती. "वरून काही दिसत नाही. शिल्पकार वरून कानस मारतो, घासतो, चकाकी आणतो. आतला मुका मार तसाच राहतो, शेकडो वर्षं."

तिचं यंत्र दगडात अतिसूक्ष्म ध्वनी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून असा एकेक मार शोधतं. किती खोल, कुठल्या कोनात, कुठला ठोका आधीचा आणि कुठला त्याच्यावर नंतर पडलेला. असे हजारो ठोके मिळाले की ठोकणाऱ्या हाताची चाल कळते. देवळांत, लेण्यांत, परदेशी संग्रहालयांत, सगळीकडे ते यंत्र गेलं. मग तेच गणित दुसऱ्या कुणी काचेसाठी वापरलं. दगडातल्या मेलेल्या हातांवरून गोष्ट जिवंत हातांवर आली.

नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला तालुक्याच्या सेवा केंद्रात गेले. काचेवर सही केली. दिवा तांबडा लागला.

"आजी, सावकाश करा. घाई नको," खिडकीतली मुलगी म्हणाली.

सावकाश केली. तांबडा. डाव्या हाताने उजवं मनगट धरून केली. तांबडा, आणि खाली अक्षरं आली: दुसऱ्या व्यक्तीचा हात.

"म्हणजे मी हयात नाही का गं?"

"हयात आहात हो आजी. फक्त तुम्ही, तुम्ही नाही." असं बोलून ती स्वतःच हसली आणि मग ओशाळली. "घरातलं कुणी आहे का? प्रतिनिधी नेमावा लागेल. मग त्यांचा हात तो तुमचा हात."

प्रतिनिधी म्हणजे नुसता दाखल्यापुरता नव्हे, हे मला घरी आल्यावर कळलं. एकदा नेमला की बँक, दवाखाना, घर, विश्वस्त मंडळातलं माझं मत, सगळीकडे त्याचाच हात. मी कुठे राहायचं हेसुद्धा. वर्ष संपायच्या आत नेमायचा होता.

ऋजुता डिसेंबरात आली. एका फेरीत दोन कामं होती. फ्लॉरेन्सच्या एका संस्थेला तेरसानीची जगभरची सगळी कामं तिच्या यंत्राने वाचून हवी होती. त्यात आमची इटलीबाई होती. दुसरं काम मी. प्रतिनिधी म्हणून तिने आपला हात आधीच नोंदवून ठेवला होता. माझ्या तोंडी संमतीचं तेवढं राहिलं होतं.

जेवताना तिने विषय काढला.

"आई, एका सहीचा प्रश्न आहे."

"मग तुझी दे की."

"तेच तर म्हणतेय."

मला हसू आलं, तिला नाही आलं. "पुण्याची खोली तयार आहे. खिडकी उत्तरेला आहे, मुद्दाम घेतलीय. इथे एकटीने तू... काल गॅसवर दूध ठेवून—"

"दूध तूही उतू घालवायचीस. तुला मी कुणाच्या ताब्यात दिलं नाही."

"ताब्यात काय आई! मी परकी आहे का?"

"परकी मी आहे. तुझं यंत्र म्हणतंय." पोळीचा तुकडा हातात थरथरत होता, मी तो ताटात ठेवला. "यंत्राचं राहू दे. तुला काय वाटतं? हा हात कुणाचा?"

तिने भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मला तू दमलेली वाटतेस."

ती वाईट बोलली नाही. पण मी विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय लोकांना बंद ठेवलं. आबासाहेब ठेवणीतला कोट घालून आले होते. ऋजुताने इटलीबाईभोवती रुळाची एक कमान उभी केली. तिच्यावरून सुपारीएवढा एक मणी हळूहळू फिरत होता. आवाज अगदी बारीक, फुलपात्रात वाटाणे हलवल्यासारखा. दुपारपर्यंत मणी केसांवरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर आणि शेवटी चेहऱ्यावर आला. मग पडद्यावर इटलीबाई उमटली, ठिपक्याठिपक्यांनी बनलेली.

"निळे ठिपके म्हणजे तेरसानीचा हात," ऋजुता म्हणाली. "त्याच्या इतर कामांशी पक्का जुळतो."

केस निळे होते. शाल निळी, पाठ निळी. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि हे केशरी काय, ताई?"

डोळे, गाल, हनुवटी, ओठ. सगळा चेहरा केशरी होता.

"तो दुसरा हात आहे, आबासाहेब. ठोक्यांत जोर सारखा नाही, कोन हलतो. यंत्र म्हणतंय नवशिका हात. पुतळा तेरसानीच्या कारखान्यातला आहे, पण एकट्या तेरसानीचा नाही."

आबासाहेब मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे चेहरा पोऱ्याने केला? आणि आमच्या आजोबांनी तो मिरवत आणला? वडिलांनी एक प्रश्नचिन्ह कुंडीने झाकलं. एवढं सगळं झाकायला आता मी काय फणस लावू?"

मी पडद्याजवळ गेले. निळ्या आणि केशरीच्या मधे, मानेवर आणि कानापाशी, फिकट ठिपके होते.

"हे राखाडी कुणाचे?"

"कुणाचे नाहीत. यंत्राला ठरवता आले नाहीत ते. असे थोडे निघतातच, ते गाळायचे." तिने बोट फिरवलं आणि राखाडी ठिपके गेले. इटलीबाईचं डोकं धडापासून सुटल्यासारखं दिसायला लागलं.

घरी आल्यावर मी भाजी निवडत बसले. मेथीची पानं नीट खुडली जात नव्हती, पण मन दुसरीकडेच होतं. मला स्नेहसंमेलनाचे दिवस आठवत होते. रंगमंचामागचा पडदा रंगवायचा असायचा, भला मोठा. आभाळ मी पाचवीच्या मुलींना द्यायची. झाडं सातवीला. माणसांचे कपडे नववी-दहावीला. आणि चेहरे? चेहऱ्याला मी कुणालाही ब्रश लावू दिला नाही. मुली रुसायच्या. शरयू मोकाशी नावाची मुलगी माझ्यापेक्षा बरी काढायची, तिलाही नाही दिला.

मी स्वयंपाकघरातूनच हाक मारली. "ऋजू, कारखान्यात केस कोण करायचं आणि चेहरा कोण?"

ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बहुतेक ठिकाणी केस, कपडे शिष्य करायचे. चेहरा..." आणि थांबली.

"चेहरा?"

"गुरू."

"मग आमच्या तेरसानीने उलटं का केलं? केस स्वतः कोरले आणि चेहरा नवशिक्याला दिला? असा कोणता गुरू असतो?"

ती उठून दारात आली. "शिष्य गुरूपेक्षा चांगला निघाला असेल."

"असेल की. मग तो नवशिका कसा? आणि त्याचा हात हलेल कशाला?" मी मेथीची जुडी खाली ठेवली. "पुतळ्यात आधी काय करतात गं? आधी केस, मग चेहरा ना?"

"तुझी इटलीबाई मागून पुढे केलेली आहे. पाठ, केस, शाल, मग मान. चेहरा सगळ्यात शेवटी. ठोक्यांच्या क्रमावरून ते स्पष्ट दिसतं."

"मग मला ते राखाडी ठिपके दाखव."

"आई, ते गाळलेत."

"ते यंत्राने गाळलेत. तुझ्याकडे असतीलच. लहानपणी शेंगदाण्याची सालंसुद्धा टाकायची नाहीस."

हसत तिने ते ठिपके परत आणले. ठोके ज्या क्रमाने पडले त्या क्रमाने तिने एका ओळीत लावले, मानेच्या मागून कानाकडे, कानाकडून गालाकडे. पहिले राखाडी ठिपके जवळजवळ निळे होते, त्यांत अगदी क्वचित एखादा ठोका कललेला. मग दर थोड्या अंतराने. मग वारंवार. गालाशी येईपर्यंत राखाडी केशरीत मिसळून गेला होता. दोन माणसांची कामं एकमेकांना भिडतात तिथे कुठेतरी कड दिसते. इथे नुसता उतार होता.

ऋजुता पडद्याकडे बघत राहिली. "आम्ही यंत्राला विचारलं होतं, हात किती," ती सावकाश म्हणाली. "किती विचारलं की ते मोजतं, वेगळे ढीग करतं. मधलं उरतं ते फेकतं." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन माणसं नाहीत ही. मधे काळ गेलाय. वर्ष, दोन वर्षं. आई, त्याचा हात..."

"थरथरत होता," मी म्हटलं. "आणि चेहरा राहिला होता."

मी डोळ्यांसमोर आणलं. तो बसलेला. केस झालेत, शाल झालीय, सगळं नीट झालंय आणि आता हात ऐकत नाही. चेहरा शिष्याला देता आला असता. त्याने दिला नाही. जोरात ठोका मारला तर नाक उडेल, म्हणून हलके हलके, चार ठोक्यांच्या जागी चाळीस. म्हणून त्या ओठांना कड नव्हती. तीस वर्षं मी पोरींना रेघ शोधू नका म्हणत होते, आणि ती रेघ का नाही हे मला आज कळत होतं.

"आता लगेच काही म्हणता येणार नाही," ऋजुता सवयीने म्हणाली. "याला पुरावा लागेल. एखाद्या ओळखीच्या माणसाचा हात, ज्याचा सुरुवातीचा, मधला, आत्ताचा, सगळा..." 

बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आई, पाट्या कधी कधी लिहिल्यास गं तू?"

सकाळी आम्ही परत संग्रहालयात गेलो. या वेळी कमान नव्हती. मणी तिने हातात धरला होता. शस्त्रांच्या दालनापासून सुरुवात केली. 'दांडपट्टा'. 'कट्यार'. दगडी पाटीवर सुईने कोरलेली माझी अक्षरं. पडद्यावर निळे ठिपके. माझी जुनी नोंदवलेली सही, सेवा केंद्राने जी माझी म्हणून जपून ठेवली होती, तिच्याशी तंतोतंत.

मग भांड्यांचं दालन. 'तांब्याचा हंडा', 'कासंडी'. निळ्यात एखादा राखाडी. मी ते लिहिलं तेव्हा ऋजुताचे वडील आजारी होते. दुपारी त्यांना झोप लागली की मी सुई घेऊन बसायची. मग वाद्यांचं दालन, त्यांच्या माघारी लिहिलेलं. 'सारंगी'च्या वेलांटीशी सुई घसरली होती, मी ती पाटी दोनदा घासली होती. इथे सगळं राखाडी. मग फोटोंचं दालन, गेल्या वर्षीचं. केशरी. शेवटच्या पाटीवरची अक्षरं आणि सेवा केंद्राने दुसऱ्या व्यक्तीची ठरवलेली माझी सही, दोन्ही तंतोतंत सारखी.

एका दालनातून दुसऱ्या दालनात जात मीच माझ्यामागे चालत होते. मधे कुठेही दार बंद झालेलं नव्हतं.

ऋजुता फोटोंच्या दालनात थांबली. पाटीवर धूळ नव्हती, तरी ओढणीच्या टोकाने ती पुसत राहिली.

"मी यंत्राला शिकवलं तेव्हा कॉलेजातल्या मुलांचे हात घेतले," ती म्हणाली. "नंतर काचेवाल्यांनी म्हातारी माणसं घेतली असतील असं मी धरून चालले. कुणालाच विचारलं नाही. आमच्याकडे माणसाचे दोनच नमुने असतात. नोंदवतानाचा आणि आजचा. मधलं कुणीच ठेवत नाही."

"मधलं घरच्यांनी ठेवायचं असतं," मी म्हटलं.

ते जरा लागलं तिला. मला ते लागावं असं वाटत नव्हतं, पण मागे घेतलं नाही.

तेवढ्यात आबासाहेब आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तेरसानीच?"

"बहुधा," ऋजुता म्हणाली.

"हे 'बहुधा' काढता नाही का यायचं, ताई?"

"नाही, आबासाहेब. पण पोऱ्या गेला."

"पोऱ्या गेला ना? झालं तर!" आणि ते जाऊन इटलीबाईसमोर कोटाचं बटण लावून उभे राहिले. पाहुणीची माफी मागायला आल्यासारखे.

त्या संध्याकाळी ऋजुताने माझ्यासमोर प्रतिनिधी म्हणून केलेली आपली नोंद मागे घेतली. बॅगेतून आपली काच काढली. काचेवर सही केली, हिरवा दिवा लागला, नोंद पुसली गेली. मग म्हणाली, "पुण्याची खोली मात्र राहू दे. यायचं तर ये. मनाने."

"उन्हाळ्यात येईन. उत्तरेची खिडकी म्हणालीस ना?"

माझ्या पाट्यांची ती मालिका आणि तेरसानीची, दोन्ही तिने एकत्र पाठवल्या. एक प्रत फ्लॉरेन्सला, एक हस्तओळखीच्या कार्यालयाला. फ्लॉरेन्सहून आधी उत्तर आलं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं की तेरसानीने शेवटची वर्षं काम सोडून दिलं असावं असा सगळ्यांचा समज होता. कारण त्या काळातलं त्याच्या हाताचं काही सापडतच नव्हतं. आता 'नवशिका हात' म्हणून बाजूला ठेवलेली कामं त्या पुन्हा काढून बघणार होत्या.

इकडच्या कार्यालयाला जास्त वेळ लागला. वर्ष संपलं, मुदत उलटली, दोन महिने मी कुणीच नव्हते. कदमवहिनी माझ्या नावाने किराणा मागवायच्या. मग एकदा निरोप आला. ज्यांचा हात बदलत चालला आहे त्यांनी दर महिन्याला एकदा काचेवर हात चालवून जायचा. मधला धागा सुटला नाही की हात त्यांचाच. सहीच करायला हवी असं नाही, रोजच्या सवयीचं काहीही चालेल.

मी इटलीबाईचा कान काढते. पाळीकडून वर, आतून बाहेर, जसा मी तिच्याकडे बघून शिकले आणि जसा सगळ्या मुलींना शिकवला. खिडकीतल्या मुलीला आता ते माहीत झालंय. "आजी, आज बट पण काढा ना," म्हणते. दिवा तांबडा लागत नाही आणि हिरवाही लागत नाही. माझ्यासारख्यांसाठी त्यांनी राखाडी दिवा ठेवलाय. खाली अक्षरं येतात: बहुधा तीच व्यक्ती.

मार्चमध्ये ऋजुता रजा काढून आली, तेव्हा इटलीबाईची पाटी लिहायला घेतली. शाळेची शेवटची दगडी पाटी उरली होती, तीच. आबासाहेबांनी कुंडी स्वतः उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. उत्तरेच्या खिडकीशी मी बसले, सुई घेतली. 'शिल्पकार : बहुधा लिओनेल्लो तेरसानी. हात एकच.' एवढंच लिहायचं होतं.

'बहुधा'च्या 'ब'लाच सुई थरथरली. ऋजुता शेजारी बसली होती, तिचा हात आपोआप पुढे आला.

"हात धरू का, आई?"

"पाटी धर," मी म्हटलं.

तिने दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरली, आणि मी लिहायला लागले.